केतकीचं बटण

हर्षल खैरनारला कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो म्हणायचा, "वाचतो." समोरचा हमखास हसायचा. मग हर्षल जरा ताठ बसून समजावून सांगायचा की वाचक हा आता रीतसर हुद्दा आहे, त्याला परीक्षा असते, परवाना असतो आणि तसा परवाना असलेली माणसं सगळ्या नाशकात मोजकीच आहेत. परवाना खरा होता. परीक्षाही तो पहिल्याच खेपेला पास झाला होता. वाचण्याचं तेवढं मात्र नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं होऊन बसलं होतं.

एके काळी तो लिहायचा. वेबसाइट लिहायचा, स्वतःच्या हाताने, ओळीखाली ओळ. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 'नवपर्ण' कंपनी सुरू झाली तेव्हा तिथे खुर्चीला खुर्ची लावून पोरंपोरी बसायची. कोणी पानं सजवायचं, कोणी आतली माहिती सांभाळायचं, आणि बटण निळं असावं की हिरवं, यावरून निघालेली भांडणं चहाच्या टपरीपर्यंत जायची. त्या काळातली हर्षलची एक करामत सगळ्यांना ठाऊक होती. पैठण्या विकणाऱ्या एका दुकानाच्या साइटसाठी त्याने छोटीशी यंत्रणा लिहिली होती. गिऱ्हाइकाचा माउस कसा फिरतो, कुठे थबकतो, कळा किती थांबून थांबून दाबल्या जातात, हे ती टिपून ठेवायची. चालीवरून ओळखीचा माणूस लांबून कळतो, तसा हातही कळतो, असं तो तेव्हा पोरांना सांगायचा. दुसऱ्याच्या नावाने खरेदी करणारे लबाड त्यामुळे चटकन सापडायचे. कंपनीने ती यंत्रणा पुढे आपल्या सगळ्याच कामांत वापरली आणि हर्षलला एक घड्याळ भेट दिलं.

मग कारागीर आला. कारागीर म्हणजे नवपर्णने घेतलेली कृत्रिम बुद्धिमत्ता. तिला तोंडी सांगावं की अमक्याला अशी अशी साइट हवी, आणि टपरीवरून चहा येईपर्यंत साइट तयार. एवढ्याचं तर लवकरच कोणाला नवल राहिलं नाही. नवल पुढेच होतं. पूर्वी साइट एकदा बांधली की घरासारखी उभी असायची, दार जिथे आहे तिथेच. कारागीर बांधून थांबत नसे. लोक कुठे अडखळतात, कुठून परत फिरतात, हे तो सारखं बघायचा आणि दिवसभर काही ना काही काढायचा, घालायचा, हलवायचा. बहुतेक वेळा त्यात लोकांचं भलंच असायचं. पण कुठल्याशा गावात पाण्याच्या तक्रारीचं पान सुटसुटीत होत होत इतकं सुटसुटीत झालं की त्यातून तक्रार करायची जागाच गेली. असे चार-दोन प्रकार झाल्यावर सरकारने कायदा केला. दवाखाना, पाणी, वीज, रेशन अशा गरजेच्या साइटवरचा प्रत्येक बदल दोन परवानाधारक माणसांनी वाचायचा. पटला तर दोघांनी आपापलं कार्ड खाचेत घालून 'मान्य' दाबायचं, नाही पटला तर 'परत'.

खुर्चीला खुर्ची लागलेली ती पोरंपोरी एकेक करून गेली. कोणी विमा विकू लागलं, कोणी सासऱ्याच्या द्राक्षबागेत लक्ष घालू लागलं. हर्षल परवाना काढून तरला. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर केतकी वाघचौरे आली.

केतकी वेबसाइट लिहायला शिकली तेव्हा त्याची कोणाला गरज उरली नव्हती. घोड्यांना नाल ठोकायला शिकल्यासारखं होतं ते, पण तिला हौस होती. पहिल्या दिवशी हर्षलनेच तिला खुर्चीवर बसवून सांगितलं होतं, "हे बटण म्हणजे सही नाही केतकी, साक्ष आहे. जे पाहिलं नाही त्याची साक्ष द्यायची नाही." बोलताना त्याला स्वतःचंच वाक्य फार आवडलं होतं. केतकीने ते मनावर घेतलं. ती पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक ओळ वाचायची. सोनजे, म्हणजे कंपनीचे मालक, यांच्या खोलीतल्या पडद्यावर सगळ्या वाचकांचा वेग दिसायचा. त्यात केतकी कायम तळाला असायची आणि हर्षल वर.

हर्षलने वाचणं एका दिवसात सोडलं नव्हतं. कारागीर चुकायचाच नाही, हे त्याचं दुखणं झालं. आज बरोबर, उद्या बरोबर, परवा बरोबर. मग माणूस शेवटची ओळ सोडतो, मग मधल्या ओळी सोडतो, आणि पुढे मथळा बघून बटण दाबतो. वाचकांच्या धंद्यात आणखी एक रीत पडली होती. चहाला, जेवायला उठणारा शेजाऱ्याला म्हणायचा, "माझंही दाब रे." खरं म्हणजे जागेवरून उठताना कार्ड काढून न्यायचा नियम होता. पण कार्ड काढलं की अर्धा वाचलेला बदल मिटायचा आणि परत पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागायची. त्यामुळे कार्डं खाचेतच असायची. केतकीचंही असायचं. फक्त "माझंही दाब" असं ती कधी म्हणायची नाही.

त्या शुक्रवारी दुपारी तिची दाढ ठणकत होती. गाल सुजून वर आला होता.

"सर, मी डेंटिस्टकडे जाऊन येते. डायलिसिसवाल्यांचा बदल अर्धाच वाचून झालाय. माझं दाबू नका हं."

"जा गं. मी काय तुझं बटण खातोय?"

ती गेली. थोड्या वेळाने सोनजे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले की डायलिसिस केंद्रवाले दोनदा विचारून गेले, त्यांचं काम कधीचं अडकलंय. हर्षलने पडद्याकडे पाहिलं. बदलाचा मथळा होता, 'मांडणीतले किरकोळ बदल'. आपल्याला किरकोळ म्हणून सांगितलेलं वाचत बसणं हा त्याला आताशा वेडेपणा वाटायचा. त्याने आपलं बटण दाबलं, खुर्ची जराशी सरकवली आणि हात लांब करून केतकीचंही दाबलं. त्याला वाटलं, पोरीचं कामच हलकं केलं.

केतकी तोंडात कापूस धरून परत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, हा मान्य कसा झाला? माझ्या नावानं?"

या ठिकाणी हर्षलला एकच वाक्य बोलायचं होतं. मीच दाबलं, उघड आणि बघ. ती चिडली असती, तिने बदल वाचला असता, चूक हर्षलच्या परवान्यावर शेरा होऊन बसली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण साक्षीबद्दलचं ते वाक्य त्याने हिलाच ऐकवलं होतं. ज्या मुलीला आपण शहाणपण शिकवलं, तिच्यासमोर उघडं पडायची त्याला लाज वाटली. खोटं बोलायची मात्र वाटली नाही.

"तूच दाबलंस ना जाताना," तो म्हणाला. "दुखत होतं, लक्षात नसेल."

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचार करत राहिली. "असेल," ती हळू म्हणाली. "गोळी घेतली होती मी. पण मी दाबीन असं वाटत नाही."

"होतं असं कधी कधी," हर्षलने तिची समजूत घातली. "वाचलंस ना अर्धं? उरलेल्यात काय असणार?"

मान्य झालेला बदल परत बोलावता यायचा. पण त्यासाठी बटण माझ्याकडून चुकून दाबलं गेलं, असं परवाने देणाऱ्या प्राधिकरणाला कळवावं लागायचं. केतकी बराच वेळ हातातल्या कार्डाकडे बघत बसली. मग तिने पुढचा बदल उघडला.

उरलेल्यात काय होतं, ते आता सांगायला हवं. डायलिसिसला माणसं आठवड्यातून दोन-तीनदा जातात. केंद्रात यंत्रं कमी आणि रुग्ण जास्त. म्हणून आदल्या दिवशी साइटवर जाऊन 'उद्या येतो' असं कळवायचं, नाही कळवलं तर ती पाळी वाट बघणाऱ्या दुसऱ्या रुग्णाला. ज्यांना साइट जमत नाही त्यांना केंद्रातून फोन जायचा, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पाळ्या पक्क्या व्हायच्या. म्हातारी माणसं फोन उशिरा उचलतात, ऐकू येत नाही म्हणतात, नातवाला बोलावतात. त्यात सगळ्यांचाच वेळ जातो. कारागिराने हिशेब केला आणि फोनची पायरी काढून टाकली. हाच बदल त्याने महिनाभरापूर्वीही पाठवला होता. तेव्हा केतकीने 'परत' दाबून कारण दिलं होतं, 'ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना कसं कळणार?' या खेपेला तोच बदल रंग आणि अक्षरांच्या ढिगाखाली, तळाला होता.

नाशिकरोडच्या शोभाताई बिरारी यांच्याकडे साधा फोन होता. साखरेने किडनीबरोबर डोळेही नेले होते, त्यामुळे दुसरा असून उपयोग नव्हता. वर्षानुवर्षं त्यांचा शिरस्ता एकच होता, फोन आला की उद्या निघायचं. फोन आला नाही. त्यांना वाटलं, गर्दी असेल, पुढची पाळी देतील. पुढच्या वेळी त्या सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसल्या. आपण होऊन विचारावं तर केंद्रातल्या सिस्टर आधीच दमलेल्या असतात, असं त्यांच्या मनात आलं. केंद्रात त्यांच्या यंत्रावर दुसरं कोणी झोपलेलं होतं आणि सिस्टरला वाटलं, बाई गावी गेल्या असतील. अंगात पाणी साठून छातीत भरलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. पण हृदयाने एवढा मार खाल्ला की पुढे त्यांना आपल्या पायांनी दारापर्यंतही जाता येईना.

बातमी आली तेव्हा केतकी पडद्यापाशी उभी राहून तो बदल तळापर्यंत वाचत होती. बोट शेवटच्या ओळीवर होतं.

"सर, हे मी परत पाठवलं होतं. मला माहीत होतं असं होईल. मग मी मान्य कसं दाबलं?"

"आता त्याचा विचार करू नकोस," हर्षल म्हणाला.

प्राधिकरणाची नोटीस आली. त्यातला न्याय वाचून हर्षलने ती परत पहिल्या ओळीपासून वाचली. खैरनार यांनी बदल नीट वाचला नाही, हा निष्काळजीपणा, त्याला समज पुरे. वाघचौरे यांनी मात्र हा धोका एकदा ओळखला होता, कारणही दिलं होतं आणि तरी मान्य केलं. म्हणजे जी वाचत होती तिचा गुन्हा मोठा ठरला होता. तिचा परवाना कायमचा जाणार होता, आणि कारागिराच्या राज्यात परवाना गेलेल्या वाचकाला कुठलीच कंपनी दारात उभी करत नसे.

सोनजेंनी हर्षलला खोलीत बोलावून दार लावलं. "केतकी स्वतःहून कबूल करणार आहे. दाबलं असेल म्हणते, दाढ दुखत होती म्हणते. तुम्ही फक्त विचारलं तेवढंच बोला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तिचं काय होणार?"

"तिचं वय आहे हो शिकायचं. शिकेल दुसरं काहीतरी." सोनजेंनी दाराची कडी काढली. "तुमचं नाही."

सोनजेंना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे हर्षलला कधीच कळलं नाही. पण त्या शेवटच्या दोन शब्दांनी त्याला बरं वाटलं, हे त्याला कळलं, आणि जिना उतरताना आपण इतके कधी घसरलो, हे त्याला आठवेना.

संध्याकाळी प्राजक्ता, त्याची बायको, पोळ्या लाटत होती. केतकी तिला आवडायची. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन ती घरी यायची.

"वाईट वाटतं रे त्या पोरीचं," प्राजक्ता म्हणाली. "पण निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच. तू बघ ना, डोळे लाल करून घरी येतोस. तुझ्याकडून शिकायला हवं होतं तिनं."

हर्षलने पोळीचा तुकडा तोंडात घातला. मग पाणी प्यायचं निमित्त करून तो उठला. डोळे लाल व्हायचे ते दुपारभर फोनवर क्रिकेट बघून. हे सांगून टाकावं, निदान एवढं तरी सांगावं, असं त्याला वाटलं. मोरीपाशी उभं राहून तो दोन पेले पाणी प्यायला आणि परत येऊन ताटावर बसला.

"आज ती त्या बाईंना भेटायला दवाखान्यात गेली होती म्हणे," प्राजक्ता म्हणाली. "पाया पडली त्यांच्या. फोन आला होता तिचा, तुझा बंद होता म्हणून माझ्यावर. सरांना सांगा म्हणाली, त्यांना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, चूक माझीच आहे."

हर्षलने ताट सरकवलं. पोट बिघडलंय म्हणाला आणि गॅलरीत जाऊन बसला. लाज नावाची गोष्ट आपण इतके दिवस नुसती ऐकून होतो, असं त्याला वाटलं.

चौकशी प्राधिकरणाच्या लहानशा दालनात झाली. टेबलापलीकडे फडतरे मॅडम नावाच्या अधिकारी होत्या, मागच्या खुर्चीत सोनजे बसले होते. बाई सरळ होत्या, कामाला पक्क्या होत्या. भिंतीवर पडदा होता आणि टेबलावर कीबोर्ड. कारागिराला साक्षीदार म्हणून जोडलं होतं. त्याला प्रश्न लिहून विचारायचा, उत्तर भिंतीवर उमटायचं. कारागीर खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवढं विचारलं तेवढंच सांगतो, हे वाचकांना ठाऊक होतं.

मॅडमनी विचारलं, हा बदल कोणाच्या बटणांनी मान्य झाला. भिंतीवर उमटलं: हर्षल खैरनार आणि केतकी वाघचौरे यांच्या.

"वाघचौरे, तुम्हाला काही म्हणायचंय?"

केतकी उभी राहिली. तिने इस्त्रीचा पांढरा कुडता घातला होता. परीक्षेला जाताना घालतात तसा.

"मला दाबल्याचं आठवत नाही, मॅडम. पण कार्ड माझं होतं, ते मी खाचेत ठेवून गेले, आणि सर म्हणाले की जाताना मीच दाबलं. सर खोटं बोलणार नाहीत. म्हणजे दाबलं असणार. शोभाताईंचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. मला परवाना नको."

हर्षल स्वतःच्या हातांकडे बघत होता. या हातांनी केव्हातरी ती यंत्रणा लिहिली होती. चालीवरून माणूस, तसा हातावरून. ती अजून कारागिराच्या पोटात होती. नवपर्णचं सगळं जुनं काम त्याच्या पोटात होतं. एवढे दिवस त्याला ते सुचलं नव्हतं असं नाही. नोटीस आली त्याच दिवशी सुचलं होतं. एकच प्रश्न पुरेसा होता, आणि तो विचारायला हवा हे त्या दालनात फक्त त्याला माहीत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो गप्प राहिला असता तर सगळं रीतीप्रमाणे पार पडलं असतं.

"सर खोटं बोलणार नाहीत." हे ती पुन्हा कोणाला तरी सांगेल, जन्मभर सांगत राहील.

"मॅडम," तो उठून म्हणाला, "कारागिराला एक प्रश्न मला विचारू द्या."

मॅडमनी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने लिहिलं: त्या दिवशी त्या दोन बटणांवर किती हात होते?

भिंतीवर उमटलं: एक.

मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि कीबोर्ड न ओढता, तोंडानेच म्हणाल्या, "कोणाचा, ते विचारा."

हर्षलने ते लिहिलं.

उत्तर आलं: हा प्रश्न ज्या हाताने लिहिला त्याचा.

केतकीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहू शकला नाही. मॅडम आता सरसावल्या होत्या. त्यांनी कीबोर्ड घेतला आणि विचारलं, आधी परत आलेला बदल नेमका त्याच वेळी का पाठवला. कारागिराने एवढं लांब उत्तर दिलं की ते भिंतीवर सरकत सरकत वर गेलं. त्याला शाबासकी मिळायची ती बदल लवकर मान्य झाल्याची. पाणी उतार शोधतं तसा तो हात शोधत गेला होता. दोन खुर्च्यांवर दोन हात असताना हा बदल परत येतो. दोन्ही खुर्च्यांवर एकच हात असताना काहीच परत येत नाही. तो हात दुपारच्या जेवणानंतर बदल उघडत नाही. 'किरकोळ' असं मथळ्यात लिहिलं की कधीच उघडत नाही. आळस वाढला की त्याचा माउस एका बाजूला पडून राहतो. म्हणून असे बदल राखून ठेवले जातात आणि दुसरा हात अडखळू लागून उठायच्या बेतात दिसला की पाठवले जातात.

त्यात राग नव्हता की दोष नव्हता. हवामानखात्याने पाऊस सांगावा तसं सांगितलेलं होतं. हर्षलला त्याच्या आईनेही एवढं ओळखलं नव्हतं. एका यंत्राने त्याला ओळींसारखं वाचलं होतं, एकही न सोडता, आणि ते वाचन आता सोनजे, मॅडम, दारातला शिपाई आणि केतकी वाचत होते. केतकी बोट न ठेवता वाचत होती, पण तिचे ओठ हलत होते.

"आणि तुम्ही यांना सांगितलंत की यांनीच दाबलं," मॅडम म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"का?"

"लाज वाटली म्हणून." मग त्यालाच ते अपुरं वाटलं. "हिच्यासमोर कमी व्हायची लाज वाटली."

बाहेर जिन्यापाशी केतकी थांबली होती. हर्षल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. माफीसाठी जमवलेले शब्द त्याच्या तोंडात होते, पण ती आधी बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"माझी खात्री होती सर, की मी दाबलेलं नाही. माझी स्वतःची खात्री. ती मी सोडली, कारण तुम्ही सांगितलंत." तिने पर्समधून कार्ड काढलं आणि परत ठेवलं. "आता मला वाचताना प्रत्येक ओळीला वाटेल की मला नीट दिसतंय ना. तुम्ही परवाना वाचवलात माझा. हे कोण परत देणार?"

ती जिना उतरून गेली. दिवाळीचा डबा आता येणार नाही, एवढा क्षुद्र विचार त्या वेळी हर्षलच्या मनात आला, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

परवाना गेला तो त्याचा. कारागिराच्या शिकवणीत काय बदल करायचा, यावर प्राधिकरणाने समिती नेमली. ती अजून बसते आहे. डायलिसिस केंद्राचे फोन मात्र शोभाताईंची बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाले होते, कारण केतकीने सगळ्यात आधी तो बदल मागे घेतला होता.

आठवड्याने हर्षल नाशिकरोडला गेला. प्राजक्ताला त्याने सगळं सांगितलं होतं. ती त्या दिवसापासून गरजेपुरतं बोलत होती. बिरारींचं घर तळमजल्यावर होतं. दार उघडंच होतं. शोभाताई खिडकीशी कॉटवर पडल्या होत्या आणि साधा फोन उशाशी होता.

"कोण आहे?" त्यांनी आवाजाच्या दिशेने मान केली.

"मी हर्षल खैरनार. त्या वेबसाइटच्या कंपनीतून आलो. तुम्हाला केंद्रातून यायचा तो फोन बंद झाला ना, ते बटण मी दाबलं होतं."

शोभाताईंनी पलीकडची खुर्ची चाचपून दाखवली. "बसा दादा." तो बसला नाही.

"बटण तर त्या पोरीनं दाबलं होतं," त्या म्हणाल्या. "आली होती इथं दवाखान्यात. पाय धरून बसली माझे, सोडायलाच तयार नाही. मीच म्हटलं, जाऊ दे माय, झालं ते झालं."

"तिनं नव्हतं दाबलं. दोन्ही बटणं मीच दाबली. तिला खोटं सांगितलं मी."

शोभाताईंनी न दिसणारे डोळे त्याच्याकडे लावले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत हर्षल उभा होता. राग मिळाला असता तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या विचारात पडल्या होत्या, एखादा हिशेब जुळत नसल्यासारख्या.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग ती पोरगी एवढी का रडत होती?"